कमकुवत ग्रिड आणि इन्व्हर्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलर आणि पवन प्रकल्पांवर काम करणारे साइट इंजिनिअर, उपकेंद्रातले ऑपरेटर, डिप्लोमा-डिग्रीचे विद्यार्थी आणि छतावर पॅनेल बसवलेले घरमालक यांच्याकडून हे प्रश्न येतात. सूत्रे कमीत कमी ठेवली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे घाईने सांगितले की गैरसमज होतो.

ग्रिड ‘कमकुवत’ आहे म्हणजे नेमके काय?

तुम्ही करंट सोडला आणि त्याने जोडणीच्या ठिकाणचे व्होल्टेज लगेच हलले, तर ग्रिड तुमच्यासाठी कमकुवत आहे. व्होल्टेज जागचे हलले नाही, तर तो भक्कम आहे. लांब लाइन, छोटा ट्रान्सफॉर्मर, जवळपास एकही मोठे फिरते जनित्र नाही, अशा ठिकाणी तुमच्या आणि ग्रिडच्या मध्ये मोठा इम्पीडन्स (करंटला होणारा एकूण अडथळा) असतो आणि करंट वाढला की त्या इम्पीडन्सवरचा ड्रॉपही वाढतो.

‘तुमच्यासाठी’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. एकच बसबार (उपकेंद्रातला सामायिक जोडपट्टा) ५ मेगावॅटच्या प्रकल्पाला भक्कम आणि १०० मेगावॅटच्या प्रकल्पाला कमकुवत असू शकतो.

हे मोजतात कसे?

त्या ठिकाणची शॉर्ट सर्किट क्षमता (हिलाच फॉल्ट लेव्हल म्हणतात) भागिले प्रकल्पाची क्षमता, म्हणजे शॉर्ट सर्किट रेशो किंवा एससीआर. समजा ३३ केव्ही बसवर फॉल्ट लेव्हल १५० एमव्हीए आहे आणि प्रकल्प ५० मेगावॅटचा आहे. एससीआर ३. साधारण पद्धत अशी की ३ च्या वर भक्कम, २ ते ३ मध्ये कमकुवत आणि २ च्या खाली अतिकमकुवत. ही वर्गवारी मूळची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या डीसी, लाइनसाठी होती. इन्व्हर्टरवाल्यांनी ती उचलली, म्हणून तिला दगडावरची रेघ समजू नका.

खरी फसगत पुढे होते. अर्जासोबत जोडलेला आकडा सगळ्या लाइन चालू असतानाचा असतो. एक लाइन देखभालीसाठी बंद झाली आणि फॉल्ट लेव्हल ९० एमव्हीएवर आली, की त्याच प्रकल्पाचा एससीआर १.८ होतो. शेजारी २५ मेगावॅटचा दुसरा प्रकल्प त्याच बसवर आला, तर लाइन पूर्ण असतानाही दोघांचा मिळून हिशेब १५० भागिले ७५, म्हणजे २. शेजाऱ्याचे इन्व्हर्टर तुमची फॉल्ट लेव्हल फारशी वाढवत नाहीत, उलट त्याच ग्रिडचा वाटा मागतात. टेक्सासच्या पॅनहँडल भागात एकमेकांजवळ पवनचक्क्यांची इतकी गर्दी झाली, की तिथल्या ग्रिड ऑपरेटरने सगळ्यांचा एकत्रित, भारित एससीआर काढून १.५ ही किमान मर्यादा धरली.

म्हणून एससीआर विचारताना नेहमी विचारा: कोणती लाइन बंद धरून? आणि कोणाकोणाला मोजून?

पण इन्व्हर्टरला यात अडचण काय? तो तर फक्त करंट सोडतो ना?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

आज बसवलेले बहुतेक सोलर आणि पवन इन्व्हर्टर ‘ग्रिड-फॉलोइंग’ पद्धतीचे आहेत. ते आधी ग्रिडचे व्होल्टेज ऐकतात, त्याचा फेज कोन ओळखतात आणि त्या कोनाच्या ताळ्यात करंट सोडतात. कोन ओळखण्याचे काम पीएलएल, म्हणजे फेज लॉक्ड लूप, करतो.

वारीतली दिंडी डोळ्यांसमोर आणा. टाळकरी पखवाज ऐकून टाळ धरतात. पखवाज जवळ आणि खणखणीत असेल, तर शंभर टाळकरी एका ठेक्यात चालतात. आता पखवाजवाला खूप पुढे निघून गेला, त्याचा आवाज क्षीण झाला आणि टाळांचा कल्लोळ मात्र तेवढाच राहिला. टाळकऱ्याच्या कानावर येतो तो आवाज बराचसा त्याच्याच आणि शेजाऱ्याच्या टाळेचा असतो. एकाचा हात जरा पुढे सरकला, की दुसरा त्यालाच ठेका समजून धरतो, आणि तिसरा दुसऱ्याला.

कमकुवत ग्रिडवरच्या इन्व्हर्टरचे असेच होते. त्याच्या टोकावरचे व्होल्टेज म्हणजे दूरच्या ग्रिडचे व्होल्टेज अधिक त्याच्याच करंटने इम्पीडन्सवर पडलेला ड्रॉप. पीएलएल ही बेरीज ऐकतो. करंट बदलला की बेरजेचा कोन बदलतो. पीएलएलला वाटते ग्रिडच सरकला, तो नवा कोन देतो, त्या कोनाने करंट पुन्हा सरकतो. इम्पीडन्स छोटा असताना हे चक्र इतके क्षीण असते की कुणाच्या ध्यानातही येत नाही. इम्पीडन्स मोठा झाला की चक्राचा गेन (एका फेरीत धक्का किती पट होतो ते) वाढतो आणि एका मर्यादेपलीकडे दोलने विझण्याऐवजी वाढू लागतात.

गणिताच्या भाषेत, पीएलएलच्या बँडविड्थच्या (तो ज्या वेगापर्यंतचे बदल पकडतो त्या मर्यादेच्या) आत इन्व्हर्टरचा क्यू-अक्षावरचा (व्होल्टेजशी काटकोनातल्या अक्षावरचा) इम्पीडन्स ऋण रोधासारखा वागतो. साधा रोध दोलन शोषतो, हा ते पोसतो. जितकी जास्त पॉवर सोडाल तितका हा परिणाम तीव्र. तक्रारी नेमक्या दुपारी बारा-एकला येतात आणि संध्याकाळी सगळे आपोआप ठीक होते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

मग पीएलएल मंद केला की काम झाले?

पुष्कळदा खरोखर होते. साइटवर सर्वांत आधी करून पाहिला जाणारा उपायही हाच. बँडविड्थ कमी केली की पीएलएल स्वतःच्याच करंटमुळे झालेल्या बारीक हालचालींमागे धावत नाही.

पण त्याची किंमत आहे. लाइन ट्रिप झाली की ग्रिडचा कोन एका क्षणात खरोखरच उडी मारतो. मंद पीएलएल ती उडी पकडेपर्यंत इन्व्हर्टर चुकीच्या कोनात करंट सोडत राहतो. आणि पीएलएलचा वेग व्होल्टेज कंट्रोलच्या वेगाच्या जवळ आला, तर आता ती दोन चक्रे एकमेकांत अडकतात. मी अशा एका ठिकाणी काम केले आहे जिथे पीएलएल मंद केल्यावर जुने दोलन गेले आणि आठवडाभराने त्याहून संथ, नवे दोलन सुरू झाले. एक गेन बदलताना बाकीच्यांकडे पाठ फिरवली होती, ती चूक आमची.

कमकुवत ग्रिडमध्ये पूर्ण क्षमतेने वीज का पाठवता येत नाही? कंट्रोल सुधारला तर येईल का?

यातला काही भाग कंट्रोलच्या हातात आहे, काही भौतिकशास्त्राच्या.

एका रिॲक्टन्समधून (इंडक्टन्समुळे येणाऱ्या इम्पीडन्सच्या भागातून) जाणारी पॉवर दोन्ही टोकांचे व्होल्टेज आणि त्यांच्यातल्या कोनाच्या साइनवर ठरते. दोन्ही टोके रेटेड व्होल्टेजवर धरली, तर पूर्ण पॉवर पाठवायला एससीआर ३ असताना सुमारे १९.५ अंश कोन लागतो, २ असताना ३० अंश, १.५ असताना सुमारे ४२ अंश. एससीआर १ झाला की थेट ९० अंश, म्हणजे कड्याच्या टोकावर उभे राहणे. तिथे कसाही कंट्रोल लावा, मागे सरकायला जागाच नाही.

हे झाले व्होल्टेज धरून ठेवल्यावर. तुम्ही रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता व्होल्टेज धरणारी) अजिबात न देता, युनिटी पॉवर फॅक्टरवर चालवत असाल, तर टोकाचे व्होल्टेज पॉवरबरोबर खचत जाते आणि मर्यादा निम्मी होते. तेव्हा एससीआर २ असतानाच तुम्ही कड्यावर असता. ‘आम्हाला युनिटीवर चालवायला सांगितलंय’ हे वाक्य ऐकले की मी एससीआर विचारतो.

एरवी सुरळीत चालणारा प्रकल्प फॉल्टनंतरच का कोसळतो?

कारण फॉल्टच्या क्षणी ग्रिड आणखी कमकुवत होतो आणि इन्व्हर्टरला त्याच क्षणी सर्वांत अवघड काम करायचे असते.

एक उदाहरण. रिॲक्टन्स ०.५ पर युनिट (रेटेड मूल्याच्या प्रमाणात), म्हणजे एससीआर २. दूरच्या फॉल्टमुळे ग्रिडचे व्होल्टेज १५ टक्क्यांवर आले. इन्व्हर्टर पूर्वीसारखाच १ पर युनिट ॲक्टिव्ह करंट रेटत राहिला, तर रिॲक्टन्सवरचा ड्रॉप ०.५ होतो. ग्रिडकडे मात्र सगळे मिळून ०.१५ आहे. पीएलएलला जो कोन सापडायला हवा, तो अस्तित्वातच नसतो. तो शोधत फिरत राहतो, वारंवारिता भलतीकडे जाते आणि इन्व्हर्टर सुटतो, म्हणजे ग्रिडपासून तुटतो. संरक्षण रिले ‘फ्रिक्वेन्सी’ दाखवतो, आणि सगळे जण ग्रिडच्या वारंवारितेत दोष शोधतात. ग्रिडची वारंवारिता ५० वरच असते.

म्हणूनच फॉल्टमध्ये ॲक्टिव्ह करंट कमी करून रिॲक्टिव्ह करंट द्यायचा असतो. त्याने व्होल्टेजला आधार मिळतो आणि पीएलएलला उभे राहायला जमीनही मिळते. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या जोडणीच्या मानकांनुसार व्होल्टेज १५ टक्क्यांपर्यंत खाली गेले तरी ३०० मिलिसेकंद जोडलेले राहावे लागते आणि व्होल्टेज ३ सेकंदांत ८५ टक्क्यांवर येईपर्यंत टिकावे लागते.

दुसरी खोच डिप, म्हणजे व्होल्टेजच्या क्षणिक घसरणी, किती वेळा येतात याची. २८ सप्टेंबर २०१६ ला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने लाइन पडल्या आणि दोन मिनिटांत अनेक फॉल्ट झाले. काही पवन प्रकल्पांच्या सेटिंगमध्ये ठरावीक संख्येपेक्षा जास्त डिप झाल्यास उत्पादन थांबवण्याची अट होती. ती लागू झाली, सुमारे ४५६ मेगावॅट गेले, शेजारच्या राज्याशी जोडणारी लाइन ओव्हरलोड होऊन सुटली आणि राज्य अंधारात गेले. ग्रिड ऑपरेटरला ही अट आधी ठाऊक नव्हती, हे मला त्या घटनेतले सर्वांत गंभीर वाटते.

आमच्या प्लँट कंट्रोलरवर व्होल्टेज सारखे वर-खाली होते. इन्व्हर्टर बदलावा का?

थांबा. व्होल्टेज कंट्रोल भक्कम ग्रिडवर ट्यून केलेला आहे का, हे आधी पाहा. रिॲक्टिव्ह पॉवर एक घटक वाढवली की व्होल्टेज किती वाढते, हे ग्रिडच्या रिॲक्टन्सवर अवलंबून असते. एससीआर ५ वर नीट बसवलेला कंट्रोल एससीआर १.५ वर आला, तर कुणी काही न बदलता लूपचा गेन सव्वातीन पटींहून जास्त होतो. त्यात प्लँट कंट्रोलर (सगळ्या इन्व्हर्टरना आदेश देणारा) ते इन्व्हर्टर या संपर्कातला उशीर मिळवा, की हंटिंग, म्हणजे हे सारखे वर-खाली होणे, सुरू.

ब्रिटनमध्ये ९ ऑगस्ट २०१९ च्या संध्याकाळी विजेचा लोळ एका लाइनवर पडला. साधा फॉल्ट, वेळेत निघाला. पण हॉर्नसी या समुद्रातल्या पवन प्रकल्पाच्या व्होल्टेज कंट्रोलने त्या छोट्या धक्क्याला दोलनाने उत्तर दिले आणि ७३७ मेगावॅट जवळजवळ एका क्षणात गेले. त्याच सुमाराला लिटल बारफर्डचे गॅस केंद्रही सुटू लागले. वारंवारिता ४८.८ हर्ट्झवर गेली आणि दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज आपोआप कापली गेली. हॉर्नसीतली यंत्रे शाबूत होती. बदलावे लागले ते कंट्रोलचे सॉफ्टवेअर.

ऑस्ट्रेलियात वेस्ट मरे भागात सप्टेंबर २०१९ मध्ये अशाच दोलनांच्या धोक्यामुळे पाच सोलर प्रकल्पांचे उत्पादन निम्म्यावर आणले गेले. एप्रिल २०२० मध्ये निर्बंध उठले, ते इन्व्हर्टरच्या सेटिंग बदलून आणि त्या तपासून. सात महिने निम्मे उत्पन्न, आणि उपाय काही पॅरामीटरांचा. कमिशनिंगआधीचा अभ्यास महाग वाटतो त्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

कॅबिनेटमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि करंटच्या लहरीवर दाते दिसतात. हेही तेच का?

नाही, हे वेगळे. इथे दोषी पीएलएल नसून एलसीएल (कॉइल-कपॅसिटर-कॉइल) फिल्टर आणि डिजिटल कंट्रोलचा उशीर यांची जोडी असते. सॅम्पल घेणे, गणित करणे आणि पल्स देणे यांत मिळून साधारण दीड सॅम्पलिंग काळ जातो. त्या उशिरामुळे सॅम्पलिंग वारंवारितेच्या एक षष्ठांश ठिकाणी डॅम्पिंगचे, म्हणजे दोलन विझवण्याचे, चिन्ह उलटते. १० किलोहर्ट्झ सॅम्पलिंग असेल तर सुमारे १,६६७ हर्ट्झ. फिल्टरचा रेझोनन्स त्या रेषेच्या एका बाजूला राहील असे डिझाइन केलेले असते. ग्रिडचा इंडक्टन्स वाढला की रेझोनन्स खाली सरकतो, आणि करंट कोणत्या बाजूला मोजता त्यानुसार तो रेषा ओलांडून चुकीच्या बाजूला जाऊ शकतो. उपाय बहुधा ॲक्टिव्ह डॅम्पिंग किंवा फिल्टरमध्ये रोध.

हा आजार जुना आहे. १९९५ मध्ये झुरिचमध्ये कन्व्हर्टरवर चालणारी नवी रेल्वे इंजिने हार्मोनिक दोलनांमुळे एकामागोमाग बंद पडली होती. प्रत्येक इंजिन एकटे तपासले तर निर्दोष.

सिरीज कपॅसिटर लावून लाइनचा रिॲक्टन्स कमी केला, तर ग्रिड भक्कम होईल ना?

५० हर्ट्झवर होईल. पण कपॅसिटर आणि लाइनचा इंडक्टन्स मिळून ५० च्या खाली कुठेतरी रेझोनन्स तयार करतात. ऑक्टोबर २००९ मध्ये दक्षिण टेक्सासमध्ये एक लाइन सुटली आणि एक पवन प्रकल्प सिरीज कपॅसिटर असलेल्या लाइनच्या टोकाशी एकटाच लटकला. पवनचक्क्यांतल्या डबली-फेड (रोटरला कन्व्हर्टर जोडलेल्या) जनित्रांच्या कंट्रोलने त्या रेझोनन्सला ऋण रोध दिला, दोलने झपाट्याने वाढली आणि रोटरच्या कन्व्हर्टरला वाचवणाऱ्या क्रोबार सर्किटांचे नुकसान झाले.

चीनमधली हामीची घटना याहून बोलकी आहे. तिथे सिरीज कपॅसिटरही नव्हता. १ जुलै २०१५ ला शिनजियांगमधल्या कमकुवत ग्रिडवरच्या डायरेक्ट-ड्राइव्ह पवनचक्क्यांनी ५० हर्ट्झखालची दोलने निर्माण केली. ती लाइनमधून सुमारे ३०० किलोमीटर लांबच्या औष्णिक केंद्रापर्यंत पोहोचली, तिथल्या टर्बाइनच्या शाफ्टच्या नैसर्गिक पिळाशी जुळली आणि संरक्षणाने संच बंद केले. इन्व्हर्टरच्या सेटिंगने शेकडो किलोमीटर दूरचा पोलादी शाफ्ट थरथरला.

रेकॉर्डरवर ३० आणि ७० हर्ट्झ असे दोन घटक दिसतात. दोन वेगळे दोष आहेत का?

बहुधा एकच. इन्व्हर्टरचा कंट्रोल फिरत्या डीक्यू चौकटीत (ग्रिडबरोबर फिरणाऱ्या दोन अक्षांत) चालतो. तिथले २० हर्ट्झचे दोलन तीन फेजच्या लहरीत ५० वजा २० आणि ५० अधिक २० असे जोडीने दिसते. बेरीज १०० येत असेल तर जुळी भावंडे समजा आणि मुळाकडे जा.

ढोबळ अंदाज असा: एका हर्ट्झच्या आसपास किंवा खाली असेल तर प्लँट कंट्रोलर पाहा. काही हर्ट्झ ते पंचवीस-तीसपर्यंत पीएलएल आणि व्होल्टेज लूप. त्याहून वर, शेकडो हर्ट्झ ते किलोहर्ट्झ, करंट लूप आणि फिल्टर. सीमा धूसर आहेत.

आपल्याकडे, भारतात, असे काही झाले आहे का?

हो. राजस्थानात भाडला, फतेहगड या पट्ट्यात वाळवंटात प्रचंड सोलर क्षमता एकवटली आहे. एकट्या भाडला पार्कची २,२४५ मेगावॅट आहे. वीज लागते ती शेकडो किलोमीटरवर. २०२२ पासून तिथे एका फॉल्टमागे हजार मेगावॅटहून जास्त उत्पादन गमावल्याच्या घटना देशाचा ग्रिड चालवणाऱ्या ग्रिड-इंडियाने नोंदवल्या आहेत.

त्यांत पुन्हा पुन्हा दिसणारी साखळी अशी: फॉल्ट होतो, व्होल्टेज खचते, इन्व्हर्टर नियमाप्रमाणे ॲक्टिव्ह पॉवर कमी करतात. फॉल्ट निघतो, पण पॉवर हळूहळू परत येते. तोवर लांब ७६५ आणि ४०० केव्हीच्या लाइन हलक्या भारावर असतात आणि त्यांच्या स्वतःच्या चार्जिंगमुळे व्होल्टेज वर उसळते. त्यात इन्व्हर्टरने फॉल्टसाठी दिलेला रिॲक्टिव्ह करंट वेळेत मागे घेतला नाही तर आणखी. मग ओव्हरव्होल्टेजवर इन्व्हर्टर सुटतात, लाइन आणखी हलक्या होतात, व्होल्टेज आणखी वर. नियमानुसार ११० ते १२० टक्के व्होल्टेजला २ सेकंद आणि १२० ते १३० टक्क्यांना ०.२ सेकंद टिकायचे असते. खालच्या डिपसाठी कसून चाचणी घेतली जाते आणि वरच्या उसळीकडे दुर्लक्ष होते, असे मला वारंवार दिसते.

महाराष्ट्रात चित्र निराळे आहे. सौर कृषी वाहिनीचे छोटे प्रकल्प गावच्या उपकेंद्रावर, ११ किंवा ३३ केव्हीवर येतात. प्रकल्प छोटा, पण तिथली फॉल्ट लेव्हलही छोटी. म्हणून आकार पाहून निश्चिंत राहू नका, गुणोत्तर काढा.

माझ्या छतावरचा इन्व्हर्टर दुपारी ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ दाखवून बंद होतो. हाही कमकुवत ग्रिडच का?

हाच, फक्त लहान प्रमाणावर, आणि इथे रिॲक्टन्सपेक्षा तारेचा रोध जास्त बोलतो. ५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर जवळपास २२ अँपिअर सोडतो. ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंत जाण्या-येण्याच्या तारेचा रोध अर्धा ओहम असेल तर व्होल्टेज ११ ने वाढते. दुपारी गावात भार नसताना ते आधीच २४० असेल, तर २५१ झाले. २३० च्या वर १० टक्के, म्हणजे २५३, हा उंबरठा. शेजाऱ्यानेही त्याच फेजवर पॅनेल लावले की ओलांडलाच.

आधी सैल जोड आणि न्यूट्रल तपासून घ्या, बऱ्याचदा अर्धा रोध तिथेच सापडतो. मग महावितरणकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप किंवा फेज बदलण्यासाठी अर्ज करा. इन्व्हर्टरची मर्यादा स्वतः वाढवून घेऊ नका. ती शेजाऱ्याच्या फ्रिजसाठीही आहे.

सिंक्रोनस कंडेन्सर म्हणजे काय? त्याने खरेच फरक पडतो?

टर्बाइन नसलेले मोठे फिरते यंत्र. ते वीज तयार करत नाही. व्होल्टेज धरते, फॉल्टमध्ये रेटेडच्या अनेक पट करंट देते आणि फिरत्या वस्तुमानाचे जडत्व देते. दिंडीत पखवाजवाल्याला परत मधे आणून उभे करण्यासारखे. दक्षिण ऑस्ट्रेलियात डेव्हनपोर्ट आणि रॉबर्ट्सटाउन येथे दोन-दोन असे चार कंडेन्सर २०२१ मध्ये सुरू झाले, आणि केवळ ग्रिडच्या भक्कमपणासाठी चालू ठेवावे लागणारे गॅस संच चारवरून दोनवर आले. पैसे लागतात, देखभाल लागते, स्वतःची थोडी वीजही खातो. तरीही जिथे आधीच हजारो मेगावॅट ग्रिड-फॉलोइंग बसले आहेत, तिथे मी याच्याच बाजूने बोलेन.

आणि ‘ग्रिड-फॉर्मिंग’ इन्व्हर्टर?

जो ऐकून करंट सोडत नाही, तर स्वतःचे व्होल्टेज आणि स्वतःचा कोन उभा करतो आणि बाहेर जाणाऱ्या पॉवरवरून तो कोन सावकाश जुळवतो. पॉवर जास्त गेली तर वारंवारिता जरा खाली, कमी गेली तर जरा वर. याला ड्रूप म्हणतात. समांतर इन्व्हर्टर आपापसात एकही तार न जोडता असे भार वाटून घेऊ शकतात, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या संशोधनापैकी एक १९९३ चे आहे. त्यात पहिले नाव पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झालेले मुकुल चांदोरकर यांचे, सोबत दीपक दिवाण आणि अडापा. मराठी विद्यार्थ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे असे मला मनापासून वाटते. २०१० च्या सुमारास स्वीडनमधून आलेली ‘पॉवर सिंक्रोनायझेशन’ पद्धतही याच कुळातली. अतिकमकुवत ग्रिडवरच्या एचव्हीडीसी कन्व्हर्टरने पीएलएलवर विसंबूच नये, ही तिच्यामागची कल्पना.

हवाईतल्या कवाई बेटावर नोव्हेंबर २०२१ मध्ये मोठे जनित्र सुटले आणि १८ ते २० हर्ट्झची दोलने उठली. अभ्यासात ग्रिड-फॉलोइंग इन्व्हर्टर ती वाढवत असल्याचे आणि ग्रिड-फॉर्मिंग बॅटरी विझवत असल्याचे आढळले. एकाच ग्रिडवर, एकाच घटनेत दोन्ही वागणुकी दिसल्या, म्हणून हे उदाहरण मला मोलाचे वाटते.

मग सगळेच इन्व्हर्टर ग्रिड-फॉर्मिंग का करत नाहीत?

तीन अडचणी. कोन धरून ठेवायचा तर क्षणात जादा ऊर्जा द्यावी लागते. कमाल बिंदूवर चालणाऱ्या सोलर पॅनेलकडे शिल्लक काही नसते, म्हणून ही कामगिरी आज मुख्यतः बॅटरीकडे जाते.

दुसरी, करंटची मर्यादा. सिंक्रोनस जनित्र फॉल्टमध्ये पाच-सहा पट करंट देऊन जाते. सेमीकंडक्टर १.१ ते १.२ पटीला थांबतो. व्होल्टेज धरू पाहणाऱ्या इन्व्हर्टरला फॉल्टमध्ये अचानक ‘आता पुरे’ म्हणावे लागते, आणि त्या मर्यादेत असताना तो ताळा सोडू नये यासाठी नेमके काय करायचे यावर प्रत्येक उत्पादकाचे उत्तर निराळे आहे.

तिसरी अडचण विद्यार्थ्यांना चकित करते: ग्रिड-फॉर्मिंगला भक्कम ग्रिड सोसत नाही. मधला रिॲक्टन्स छोटा असला की कोनाच्या बारीक फरकानेही पॉवर प्रचंड बदलते, लूपचा गेन चढतो आणि दोलने सुरू होतात. म्हणजे दोन्ही जातींचा स्वभाव एकमेकींच्या बरोबर उलट. योग्य ठिकाणी थोडे ग्रिड-फॉर्मिंग आणि बाकी ग्रिड-फॉलोइंग, असे मिश्रण पुढची बरीच वर्षे राहील.

स्पेनमधला २०२५ चा ब्लॅकआउट याच कारणाने झाला का?

सरळ ‘हो’ म्हणणे चुकीचे ठरेल. २८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबारानंतर स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. त्याआधीच्या अर्ध्या तासात ०.६ आणि ०.२ हर्ट्झची दोलने दिसली होती. पण कोसळण्याची साखळी व्होल्टेज वाढत जाण्याची आणि त्यामुळे एकामागून एक उत्पादन सुटण्याची होती. तिथे बरेच सौर आणि पवन प्रकल्प ठरावीक पॉवर फॅक्टरवर चालत होते, म्हणजे व्होल्टेज वाढले तरी ते खाली आणायला मदत करण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. इन्व्हर्टरकडे ती क्षमता असते, ती वापरायची की नाही हे नियम ठरवतो.

सिम्युलेशनमध्ये सगळे स्थिर दिसले, साइटवर मात्र दोलन. असे कसे?

पहिला प्रश्न: सिम्युलेशन कोणते? आरएमएस पद्धतीचे प्रोग्रॅम मिलिसेकंदांच्या पावलाने चालतात आणि लाइनला स्थिर फेझर मानतात. पीएलएल आणि करंट लूप त्यांत अर्धेमुर्धेच उमटतात. कमकुवत ग्रिडसाठी ईएमटी, म्हणजे क्षणाक्षणाची लहर काढणारे, सिम्युलेशन लागते, पाऊल काही दहा मायक्रोसेकंदांचे.

दुसरा प्रश्न: मॉडेलमधले पॅरामीटर साइटवरच्या फर्मवेअरशी जुळतात का? उत्पादक मॉडेल बंद पेटीसारखे देतात, आतला कोड दाखवत नाहीत. तरीही तुम्ही बाहेरून त्याचा इम्पीडन्स मोजू शकता: वेगवेगळ्या वारंवारितेचे बारीक व्होल्टेज द्यायचे, करंट पाहायचा. मग ग्रिड आणि इन्व्हर्टर यांच्या इम्पीडन्सचे गुणोत्तर नायक्विस्टच्या स्थिरतेच्या कसोटीवर घासायचे. १९७० च्या दशकात मिडलब्रुक यांनी पॉवर सप्लायच्या फिल्टरसाठी मांडलेली ही दृष्टी आज शेकडो मेगावॅटच्या प्रकल्पांना लावली जाते. पेटी बंदच राहते आणि तुम्हाला हवे ते कळते. करारातच इम्पीडन्स स्कॅन मागून घ्या, नंतर मिळायला फार त्रास होतो.

साइटवर दोलन सुरू आहे. आत्ता, या क्षणी काय करू?

ॲक्टिव्ह पॉवर कमी करा, टप्प्याटप्प्याने, आणि दोलन कोणत्या पॉवरला थांबते ते लिहून ठेवा. तो आकडा पुढच्या अभ्यासात सोन्यासारखा आहे. सगळे इन्व्हर्टर एकदम बंद करू नका. त्याने व्होल्टेज उसळून शेजारचा प्रकल्प सुटू शकतो.

लोड डिस्पॅच सेंटरला फोन करून विचारा, कोणती लाइन किंवा कोणता ट्रान्सफॉर्मर आत्ता बंद आहे. दहापैकी बऱ्याच वेळा उत्तर तिथेच असते.

लहरींची नोंद जपा. स्काडाचा (दूरस्थ देखरेख यंत्रणेचा) एका सेकंदाचा डेटा इथे निरुपयोगी. रिलेचा डिस्टर्बन्स रेकॉर्डर किंवा पॉवर क्वालिटी मीटर यांची किमान काही किलोहर्ट्झची नोंद लागते, आणि ती जुनी नोंद पुसून नवी लिहीत असते. म्हणून कंट्रोल रूममधून बाहेर पडण्याआधी फाइल कॉपी करून घ्या, घड्याळ जीपीएसशी जुळते आहे का ते पाहा, आणि तोवर एकही सेटिंग बदलू नका.